ट्रक-बससाठी टीपीएमएस: घ्यावं कुठलं, लावावं कसं आणि विसंबावं कितपत

सहा चाकी ट्रक, दहा चाकी टिपर, लांब पल्ल्याची स्लीपर बस. यातलं काहीही चालवत असाल तर टायरची हवा सतत मोजणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, बसवून घ्या. पैसे वसूल होतात. मात्र बाजारात मिळणारे बरेच संच कारच्या हिशेबाने बनलेले असतात, आणि चांगला संचसुद्धा कंपनीतून आलेल्या सेटिंगवर तसाच चालवला तर मोठ्या गाडीत नको त्या वेळी गप्प राहतो. म्हणून हे परीक्षण एखाद्या ठरावीक संचाचं नाही. कुठला प्रकार कुठल्या गाडीला चालतो आणि त्याच्यावर कुठवर विसंबायचं, ते इथे सांगतो.

यंत्रणेचा खरा उपयोग मागच्या हाऊसिंगवरच्या (मागच्या एक्सलवरच्या) जोडीतल्या आतल्या टायरला आहे. पुढच्या टायरची हवा जाऊन तो बसायला लागला की स्टिअरिंग ओढतं, ड्रायव्हरला कळतं. आतला टायर बसला तर काहीच कळत नाही, कारण बाहेरचा टायर गाडी उचलून धरतो. २०१८ च्या सुधारित मर्यादेप्रमाणे चार टायरच्या एका एक्सलवर ११.५ टन भार चालतो, म्हणजे प्रत्येक टायरवर सुमारे २,८७५ किलो. आतल्याची हवा गेली की शेजारच्यावर ५,७५० किलो येतात. १०.०० आर २० मापाच्या, १४९/१४६ भारांकाच्या (टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या क्रमांकाच्या) टायरची एकट्याने वाहायची क्षमता ३,२५० किलो. हा बाहेरचा टायर काही किलोमीटर तग धरतो आणि मग फुटतो. लोक म्हणतात, ‘चांगला टायर उगाच फुटला.’ तो उगाच फुटलेला नसतो. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत पूर्ण बसलेला टायर ओळखते. पण ११० पीएसआयची (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) हवा ८५ वर आली आहे हे तिला ऐकू येत नाही, अनुभवी कानालाही नाही. नेमकं तेवढंच काम टीपीएमएस चोख करतं.

आता ते काय करत नाही, हेही आधीच सांगायला हवं. खड्ड्याच्या कडेने साइडवॉल (टायरची बाजू) चिरली, लोखंडी पट्टी घुसली, तर हवा दोन सेकंदांत जाते. अलार्म वाजेपर्यंत टायर पुरता बसलेला असतो. रिमोल्डचा, म्हणजे जुन्या टायरवर नव्याने चढवलेला पट्टा सुटणार असेल तर त्याचीही सूचना मिळत नाही, कारण आतली हवा शेवटपर्यंत ठीक असते. जादा माल भरलाय, टायर जुनाट होऊन भेगाळलाय, नट सैल आहेत, यातलं काहीही त्याला दिसत नाही. हळूहळू जाणारी हवा आणि वाढणारी उष्णता, एवढाच त्याचा प्रांत. मोठ्या गाड्यांच्या टायरचं बरंचसं नुकसान याच प्रांतात होतं, म्हणून ते घ्यायचं.

कायद्याकडे बघून निर्णय घेणार असाल तर भारतात जुलै २०२० च्या अधिसूचनेने साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना टीपीएमएस आणि ट्यूबलेस दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनीतून सूट दिली. ती सूट ट्रक-बसला लागू नाही, त्यामुळे संच लावला म्हणून स्टेपनी उतरवायची नाही. अमेरिकेतली सक्ती १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांच्या गाड्यांपुरती आहे आणि तीतून जोडचाकांच्या गाड्या वगळल्या आहेत. युरोपने मात्र जुलै २०२४ पासून नव्या ट्रक, बस आणि ट्रेलरनाही ती लावली.

प्रकारांकडे वळू. कारमध्ये ब्रेकच्या एबीएस यंत्रणेने मोजलेल्या चाकाच्या फिरण्यावरून हवा कमी झाल्याचा अंदाज बांधणारी अप्रत्यक्ष पद्धत असते. जोडचाकात दोन्ही टायर एकाच हबवर एकत्र फिरतात, त्यामुळे ट्रकसाठी तिचा विचार सोडून द्या. उरतात प्रत्यक्ष मोजणारे दोन प्रकार: व्हॉल्व्हवर टोपीसारखा बसणारा बाहेरचा सेन्सर, आणि टायरच्या आत बसणारा. आतल्यामध्येही दोन जाती आहेत. एक रिमवर स्टीलच्या पट्ट्याने आवळतात. दुसरा टायरच्या आतल्या अस्तरावर चिकटवतात. कॉन्टिनेन्टलच्या कॉन्टिप्रेशरचेकमध्ये ही पद्धत आहे. आपल्याकडे जेके टायरचं ट्रील बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही सेन्सरमध्ये मिळतं आणि मोबाइलवर वाचता येतं.

निवड मुख्यतः तुमच्या टायरवर ठरते, खिशावर नंतर. ट्यूब-फ्लॅपचा टायर आणि लॉक रिंगची डिस्क (चाकाची लोखंडी रिम) असेल तर आतला सेन्सर बसूच शकत नाही, कारण हवा ट्यूबमध्ये आहे. राज्यात अजून पुष्कळ ट्रक याच मांडणीवर चालतात, त्यांना बाहेरचाच सेन्सर. २९५/८० आर २२.५ सारखे ट्यूबलेस टायर असलेल्या बसला आतला घ्यावा. थोडा महाग पडतो, बसवायला टायर उतरवावा लागतो, पण चोरीला जात नाही, दगड लागून तुटत नाही आणि तापमान बरंच खरं दाखवतो. बॅटरी सीलबंद असते, साधारण पाच ते सात वर्षं पुरते आणि संपली की सेन्सरच बदलायचा. बाहेरच्या सेन्सरची नाण्यासारखी बॅटरी वर्ष-दोन वर्षांत बदलावी लागते. ती हाताने बदलता येते, हा त्याचा मोठा गुण.

बाहेरचा सेन्सर घेताना त्याची कमाल मर्यादा वाचा. कारच्या संचातले काही सेन्सर साडेतीन-चार बारपर्यंतच मोजतात. ट्रकला आठ बारच्या आसपास हवा लागते (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय), गरम झाल्यावर त्याहून जास्त. किमान १३ बारपर्यंत मोजणारा हवा.

बसवताना सर्वाधिक घोटाळे व्हॉल्व्हवर होतात. सेन्सर छोटा दिसतो, पण ८० च्या वेगाने १०.०० आर २० चं चाक फिरत असताना १५ ग्रॅमचा सेन्सर सुमारे ६०० ग्रॅमच्या जोराने व्हॉल्व्हला बाहेर ओढत असतो. रबरी देठाचा व्हॉल्व्ह हा ताण महिनोन्महिने सोसत नाही, मुळाशी चिरतो आणि मग सेन्सरच पंक्चरचं कारण होतो. व्हॉल्व्ह धातूचाच हवा. आधी टोपी काढून साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हमधली पिन आवळा किंवा बदला. मग लॉकनट व्हॉल्व्हवर खालपर्यंत फिरवा, सेन्सर हाताने घट्ट बसवा, पक्कड लावू नका. लॉकनट वर आणून छोट्या पान्याने सेन्सरला भिडवा आणि पुन्हा साबणाचं पाणी लावा. पितळी व्हॉल्व्हवर ॲल्युमिनियमच्या आट्यांचा सेन्सर पावसाळ्यात, विशेषतः कोकणच्या खाऱ्या हवेत, गंजून जाम होतो. काढायला गेलं की व्हॉल्व्हच पिळून निघतो. बसवताना आट्यांना जाम न होऊ देणारं ग्रीस अगदी किंचित लावा आणि दर तीन महिन्यांनी एकदा काढून घाला.

आतल्या टायरचा व्हॉल्व्ह ही वेगळीच डोकेदुखी. चाक चढवताना आतल्या आणि बाहेरच्या टायरचे व्हॉल्व्ह समोरासमोर, म्हणजे १८० अंशांवर यायला हवेत, आणि आतल्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या भोकातून हाताला लागायला हवा. घाईत चाक कसंही चढवलं की मग लवचीक नळी जोडून व्हॉल्व्ह बाहेर ओढला जातो. त्या स्वस्त रबरी नळीच्या टोकावर सेन्सर लटकला की ती हलते, डिस्कला घासते आणि दोन्ही सांध्यांतून हवा सोडते. टायरवाला टायर उघडतो, पंक्चर सापडत नाही, परत चढवतो, आठ दिवसांत हवा पुन्हा कमी. नळी घ्यायचीच असेल तर तारेच्या जाळीची, आणि बाहेरचं टोक डिस्कला क्लॅम्पने बांधलेलं. शक्य असेल तिथे धातूचा लांब, वळवलेला व्हॉल्व्हच बसवून घ्या.

बहुतेक टोपी-सेन्सर हवा भरताना काढावे लागतात. इथेच क्लीनरला कंटाळा येतो आणि हवा भरणंच टाळलं जातं. सेन्सर न काढता बाजूच्या तोंडातून हवा भरता येईल असे सेन्सर मिळतात. दहा चाकी गाडीला तेच घ्या, जास्तीचे पैसे गेले तरी. यात काटकसर करू नका.

आतल्या सेन्सरची अडचण पंक्चरच्या दुकानात येते. टायर सोडवायला घण आणि लांब टॉमी वापरतात आणि पहिला घाव नेमका सेन्सरवर बसतो. सेन्सर व्हॉल्व्हजवळ आहे की त्याच्या समोर, ते रिमवर रंगाने ठळक लिहा. केसिंग (झिजलेल्या टायरचा सांगाडा) रिमोल्डला जाताना अस्तरावरचा सेन्सर आधी काढून घ्यायला हवा, हे चलनावर लिहून द्या.

आता सेटिंग. यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून सविस्तर सांगतो. उदाहरणाला गार टायरची हवा ११० पीएसआय धरू. गार म्हणजे गाडी तीन-चार तास सावलीत उभी, हवामान २५ अंश. तुमच्या गाडीचा आकडा गाडीवरच्या पट्टीवरून आणि टायर कंपनीच्या भार-तक्त्यावरून घ्या, पुढच्या आणि मागच्या एक्सलचा वेगळा. भरलेली गाडी उन्हाळ्यात समृद्धीवर लागली की टायरमधली हवा सहज ६५ अंशांवर जाते. तापमान वाढलं की दाब वाढतो: ११० चे सुमारे १२७ होतात. हे नैसर्गिक आहे. वाढलेली हवा काढायची नाही. काढली तर टायर गार झाल्यावर कमी हवेवर येतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी तापतो.

बऱ्याच संचांत कमी हवेचा पहिला अलार्म १२ टक्के खाली, म्हणजे ९७ वर लावलेला असतो. कागदावर ठीक वाटतं. पण ६५ अंशांच्या टायरमध्ये डिस्प्ले ९७ दाखवतो तेव्हा गार हिशेबाने त्यात फक्त ८४ असतात, म्हणजे २४ टक्के कमी. आणि गार हवेच्या ८० टक्क्यांवर, इथे ८८ वर किंवा त्याखाली चाललेला टायर ‘हवेविना चालला’ असंच धरायचं असतं. म्हणजे पहिला इशारा मिळेपर्यंत टायर निकामी व्हायच्या रेषेखाली गेलेला असतो. म्हणून साध्या संचात अलार्म १०२ वर लावा. गरम टायरमध्ये १०२ म्हणजे गार ८८, अगदी काठावर पकडला जातो. नाशिक-निफाडच्या थंडीत पहाटे १० अंशांवर तोच ११० चा टायर १०४ च्या जरा खाली दाखवतो, त्यामुळे खोटा अलार्मही येत नाही. तुमचा आकडा वेगळा असेल तर गार हवेच्या सात टक्के खाली लावा, गणित जवळपास तेच येतं. तापमानाप्रमाणे दाब दुरुस्त करून दाखवणारे संच असतात, पण ती दुरुस्ती आतल्या सेन्सरवरच भरवशाची. बाहेरचा सेन्सर वाऱ्यात असतो. आत ६५ अंश असताना तो ४५ दाखवू शकतो आणि मग दुरुस्तीच चुकते.

जास्त हवेचा अलार्म १३७ च्या आसपास ठेवा. ११० च्या टायरमध्ये १३७ व्हायला आतली हवा सुमारे ९० अंशांवर जावी लागते, म्हणजे अलार्म खरा आहे. तो १२५ वर ठेवलात तर दर दुपारी वाजेल, ड्रायव्हर बझरची वायर काढून टाकेल आणि रात्री खऱ्या वेळी सगळं शांत असेल. खोट्या अलार्मने टीपीएमएस मरतं, बिघाडाने क्वचितच.

तापमानाच्या एका आकड्यापेक्षा दोन चाकांतला फरक बघायला ड्रायव्हरला शिकवा. एकाच एक्सलवर डाव्या-उजव्या चाकात पंधरा अंशांचा फरक टिकून राहिला तर ब्रेकचं लायनर ड्रमला घासतंय किंवा बेअरिंग गेलंय. कसारा किंवा खंबाटकी घाट उतरल्यावर सगळीच चाकं तापलेली दिसतात, कारण ड्रमची उष्णता रिमवाटे आतल्या सेन्सरपर्यंत येते. सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटांत ती उतरायला हवी. एकच चाक उतरत नसेल तर तिथे थांबून ब्रेक तपासा.

बारा मीटरच्या बसमध्ये मागच्या चाकांचा सिग्नल डॅशबोर्डपर्यंत नीट पोहोचत नाही. हे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि मध्ये लोखंडी बॉडी, डिकीतला माल, इंजिन. सिग्नल पुढे ढकलणारा रिपीटर चॅसिसच्या मध्यावर किंवा मागे बसवावाच लागतो. ट्रेलरला स्वतंत्र रिसीव्हर. विकणारा ‘गरज नाही’ म्हणाला तर गाडी माल भरून, इंजिन चालू ठेवून दाखवायला सांगा. आणखी एक घातक गोष्ट: काही स्वस्त डिस्प्ले सिग्नल तुटला तरी शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. हिरवा ११० दिसतो, पण तो दोन तासांपूर्वीचा. आकडा जुना झाल्यावर रेषा दाखवून आवाज करणाराच घ्या, आणि रेषा म्हणजे ‘ठीक’ नव्हे, ‘माहीत नाही’, हे ड्रायव्हरला समजावा.

डिस्प्ले २४ व्होल्टचा आहे ना, बघा. सिगारेट सॉकेटला लावलेला डिस्प्ले मोबाइल चार्जिंगसाठी पहिला उपटला जातो. इलेक्ट्रिशियनकडून फ्यूजसह इग्निशनच्या वायरवर घ्या. काचेला चिकटणारे सोलर डिस्प्ले मे महिन्याच्या उन्हात टिकत नाहीत: आतली बॅटरी फुगते. बसला नको.

टायर फिरवल्यावर, स्टेपनी चढवल्यावर चाकाची जागा यंत्रणेत बदलायला विसरू नका. नाहीतर अलार्म डाव्या आतल्याचा वाजतो आणि ड्रायव्हर उजवीकडे टॉर्च मारून ‘सगळं ठीक’ म्हणून निघतो. सेन्सरवर चाकाचा क्रमांक पक्क्या रंगाने लिहा. स्टेपनीलाही सेन्सर लावा; स्टेपनीची हवा कोणी बघत नाही.

अलार्म वाजल्यावर काय करायचं, हे केबिनमध्ये छापून लावा. जोरात ब्रेक नाही. ॲक्सिलरेटर सोडून, इंडिकेटर देऊन, सुरक्षित जागी डावीकडे घ्या, त्रिकोण मागे ठेवा. द्रुतगती मार्गाच्या कडेला उभा ट्रक हाही मोठा धोका आहे, म्हणून आकडा १०० च्या आसपास असून स्थिर असेल तर हळू चालवत पुढच्या थांब्यापर्यंत जावं. पडत असेल तर लगेच थांबावं. आणि सर्वात महत्त्वाचं: गार हिशेबाने ८० टक्क्यांखाली चाललेल्या रेडियल टायरमध्ये रस्त्यावर हवा भरू नका. कमी हवेत साइडवॉलच्या पोलादी तारा वाकून तुटलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही. हवा भरताना त्या चेनसारख्या ओळीने उसवतात आणि टायर भरणाऱ्याच्या अंगावर फुटतो. यात माणसं जातात. स्टेपनी लावा, तो टायर उतरवून आतून तपासा, लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइपने, साइडवॉलसमोर उभं न राहता भरा. अलार्म आला की कॉम्प्रेसरवर धावत जाऊन हवा मारणं ही आपल्याकडची रीत बंद व्हायला हवी.

सकाळची तपासणी टीपीएमएसने रद्द होत नाही. आठवड्यातून एकदा गार टायरवर चांगल्या गेजने मोजून डिस्प्लेशी ताडा. तीन पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर आधी गेज दुसऱ्या गेजशी तपासा, कारण पंक्चरच्या दुकानातला गेज बहुतेक वेळा चुकलेला असतो. महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होणं स्वाभाविक. आठवड्यात पाच गेले तर खिळा शोधा. दर महिन्याला एका चाकाचा बाहेरचा सेन्सर काढून बघा, मिनिटभरात बझर वाजायला हवा. नायट्रोजन भरलाय म्हणून यातलं काही टाळता येत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि गरम झाल्यावर त्याचा दाबही तसाच वाढतो.

घेताना विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न असे: पुढच्या-मागच्या एक्सलला वेगळे अलार्म लावता येतात का? एक सेन्सर सुटा मिळतो का, आणि तो जोडायला दुकानात यावं लागतं का? माहिती मालकाच्या मोबाइलवर जाते तेव्हा केबिनमध्येही बझर वाजतो का? शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो संच घेऊ नका. रात्री दोन वाजता मालक झोपलेला असतो आणि मेसेज सकाळी वाचला जातो. सहा चाकी गाडीला टोपी-सेन्सरचा बरा संच एका रेडियल टायरच्या किमतीपेक्षा स्वस्तात येतो. पैसे कमी असतील तर पुढचे दोन सोडून मागच्या चारपासून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त पुढचे दोन रोज गेजने मोजायचे.